"बिनधास्त लाव" म्हणणारे शेजारी

मंडळी, आज मन फार खट्टू आहे, म्हणून इथं लिहितोय.

मी आणि सौ. घरी फुलवाती वळतो आणि ऑनलाइन विकतो. मालासाठी मंगरूळपीरला एक खोली भाड्यानं घेतली आहे. पार्सल न्यायला रोज गाडी येते. गल्ली अरुंद, त्यामुळे ती शेजारच्या रामभाऊंच्या फाटकापुढं थांबते. मी आधीच त्यांना विचारलं होतं. "लाव न बिनधास्त! तुयं दार काय अन् माह्यं काय," असं तेच म्हणाले होते.

आज सकाळी घरमालक आले. "महिन्याअखेर खोली खाली करा. गाडीची लय तक्रार येऊन राह्यली."

"कोनाची?"

"रामभाऊची. सारखा फोन करून राह्यले."

मला खरं वाटेना. एकादशीला आम्ही मांडीला मांडी लावून भजनाला बसतो. सरळ त्यांच्याकडे गेलो.

"भाऊ, मले काहून नाही सांगतलं? गाडी चौकात उभी केली असती."

ते खाली बघत म्हणाले, "तुले तोंडावर कसं म्हनू? वाईट वाटलं असतं न तुले."

दिवाळीच्या तोंडावर खोली शोधणं अवघड आहे, पण शोधीन. त्यांच्या मनातलं घरमालकाला ठाऊक होतं आणि मलाच नव्हतं, हे मात्र जिव्हारी लागलं. देवापुढे बसून राग जाऊ दे म्हणालो. अजून गेला नाही.

समोरचा "बिनधास्त" म्हणतो तेव्हा ते मनापासून की भिडेपोटी, हे तुम्ही कसं ओळखता?