प्रियंकाचा रविवारचा सिनेमा

राळेगाव तालुक्यात शिकलेल्या पोट्ट्या लय असतील. पण गावच्या बायाईले सिनेमा दाखवून त्याईच्या मनातलं बाहेर काढणारी एकच, आमची प्रियंका. यवतमाळच्या कॉलेजात ती माणसाच्या मनाचं शास्त्र शिकते. ज्याले पटत नसन त्यानं येऊन पाहावं.

दोन रविवार तिनं गावच्या बुद्धविहारात सिनेमा लावला. खिडक्याईले लुगडे बांधून अंधार केला. भाऊ धर्मपालनं पडदा असा ताणला का थेटरवाल्यानं शिकून जावं. बाया आल्या, बसल्या, अन् सिनेमा संपला का पदर झटकून घरी. प्रियंका इचारे, "काय वाटलं?" बाया म्हणत, "चांगलं वाटलं, बाई." झालं. तिसऱ्या रविवारी तिनं मनात पक्कं केलतं, आजही कोणी बोललं नाई तर हे बंद. शेवटची आठवण म्हणून सगळ्याईचा फोटो काढू, असंही सांगून ठेवलतं.

सिनेमा बाहेरदेशाचा होता, हिंदीत केलेला. काळे लोक वावरात कापूस येचून राह्यले, गोरा मालक घोड्यावर बसून पाहून राह्यला. प्रियंकानं मधातच थांबवला.

"रंगावरून किंमत ठरली, त माणूस सोताले काय समजत असन?"

दोघीतिघी पदर झटकाले लागल्या. प्रियंकाचं तोंड उतरलं.

मंग शेजारची रामीबाई म्हणाली, "हे कोणत्या गावचे होत वं? आपल्यावानीच दिसतेत."

"अमेरिकेचे, मावशी."

"तिकडंही कापूस हाय? मंग कापूस टाकाले कमरेले ओटी काहून नाई बांधली? थैला फरफटत नेऊन राह्यले."

"घोड्यावरच्याले लावा येचाले," दुसरी म्हणाली. "एक हंगाम उन्हात राहू द्या, मंग पाहू किती गोरा राह्यते."

बाया हासल्या. अन् तेवढ्यात प्रियंकाची माय बोलली. सत्यभामा, चारचौघात कधी तोंड न उघडणारी.

"माह्या लग्नात नवरीले गोरी करा म्हणून अर्धा डबा पावडर थापली मले. फोटो आला त माहा बाप म्हणे, जावई त आपलाच हाय, बाजूले ही कोन?"

विहार दणाणला. प्रियंकाही हासली, पण मंग हळूच इचारलं, "माय, तुले काय वाटलं तवा?"

"मले वाटलं, माह्या लग्नात मीच नव्हती."

कोणी हासलं नाई. मंग रामीबाई म्हणाली, "माह्याही लग्नाच्या फोटोत तसंच पांढरं भूत हाय, भिंतीवर टांगलेलं." अन् जे बोलणं सुटलं ते सुटलं. कोणाले सासू काळी म्हणे, कोणाले नाटकात राक्षशीणच करत. पडद्यावर घोड्यानं उचललेला पाय तसाच वर राह्यला, कोणाचं ध्यान नाई.

चार वाजता धर्मपालनं फोटोसाठी मोबाईल काढला. रामीबाईनं पिशवीतून पावडरचा डबा काढला, घरूनच घेऊन आलती. सत्यभामानं तो हातातून घेतला, कोपऱ्यातल्या कॅरमवर उपडा केला अन् तळहातानं सारखं पसरवलं.

"हे घ्या. आता सोंगट्या झरझर पयतीन."

मंग समोर मांडी घालून बसली. "काढ रे धर्मपाल. अन् प्रियंका, राह्यलेला सिनेमा कवा दाखवतं?"

"येत्या रविवारी, माय."

तो फोटो आता प्रियंकाच्या घरात लागला हाय. त्यातली सत्यभामा कोन, हे कोणाले इचारा लागत नाई.