मनगटावरचं नाव

हळद आणि खोबरेल तेलाचा एकत्र वास आला, की अजूनही माझ्या डोळ्यांपुढे एक रापलेलं, किंचित सुजलेलं मनगट उभं राहतं. माझा पाठचा भाऊ बालाजी हिमायतनगरच्या जत्रेतून आला तो बाही वर सारतच! हळद-तेल चोपडलेल्या कातडीवर हिरव्या शाईत दोन अक्षरं गोंदलेली होती : रमा. माझ्या लेकीचं नाव. ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ हसत होती. मामाच्या हातावर असं मिरवायचं भाग्य किती भाच्यांच्या वाट्याला येतं?

थॅलेसेमिया हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावाइतका रुळला होता. रमाचं रक्त देहात टिकत नसे. दर महिन्याला ओठ पांढरे पडत, नांदेडच्या रक्तपेढीतली पिशवी चढली की गालांवर पुन्हा तांबूस झाक येई. आणि दोन रक्तदानांमधली ठरलेली मुदत भरली, की बालाजी मुदखेडहून सकाळच्या गाडीने येऊन त्याच पेढीत हात पुढे करी. त्याचं रक्त तिलाच मिळे असं नाही. पण घेतल्या ठिकाणी परत दिल्याचं समाधान त्याला पुरत असे.

त्या खेपेला मात्र डॉक्टरबाईंनी मनगट पाहिलं आणि मान हलवली. गोंदल्यावर वर्षभर रक्त घेता येत नाही. सुईवाटे काविळीसारखा आजार शिरलेला असला, तर तो सुरुवातीला तपासणीतही सापडत नाही.

“म्या तर लेकराचंच नाव गोंदलं की, ताई. त्यात काय वंगाळ झालं?” बालाजी मला विचारत राहिला.

मी संतापले होते. यांना माणसाची माया दिसत नाही का? पण घरी परतताना मनात आलं, हा नियम तरी कुणासाठी? परक्यांच्या रक्तावर विसंबून जगणाऱ्या रमासारख्या लेकरांसाठीच ना! हे बालाजीला परोपरीनं सांगितलं. माणसाला नकाराचं कारण समजतं, नकार तेवढा पचत नाही.

रक्त त्या दिवशी मिळालं, पुढेही मिळत गेलं. तरी वर्ष भरायच्या आत, तापाचं निमित्त होऊन, रमा गेली. रक्त कमी पडलं म्हणून नव्हे, हे डॉक्टरबाईंनी बालाजीला समोर बसवून सांगितलं. तो मनगट झाकून ऐकत होता.

गोंदल्याला वर्ष उलटलं, आणि तो पुन्हा सकाळच्या गाडीने आला. मीही सोबत गेले. आता त्या पेढीकडे डोळे लावून बसणारं आमचं कुणी उरलं नव्हतं. हळदीचा वास केव्हाच विरला होता. स्पिरिटचा तेवढा येत होता. शीर शोधता शोधता नव्या नर्सनं सहज विचारलं, रमा कोण?

“भाची हाय माझी,” तो म्हणाला. “तिच्यासाठीच देऊन राहिलो.”

सुई आत गेली. मुठीतला चेंडू तो दाबत होता, सोडत होता, आणि दर वेळी मनगटावरचं ते नाव हलत होतं. पिशवी भरेपर्यंत मी तिकडेच बघत बसले.