डाव्या मुठीतलं लुगडं

महाल वस्तीत कुजबूज अशी, की मारोतरावांची पुष्पलता मेल्यावरही रोज दिवेलागणीला गल्लीतून घरी येते. मी स्वतः पानठेल्यावरून पाहिली. तेच वांगी रंगाचं लुगडं, तोंडावर पदर, आणि डावीकडचा काठ मुठीत धरून चालायची तीच ढब. पायात तेवढे स्पोर्ट शूज. भुतंही सुधारली, असं मी म्हटलं खरं; पण तोंडातली सुपारी तशीच राहिली.

आता धंतोलीतल्या पॅथॉलॉजीच्या काउंटरवर बसणारी प्रणाली जुनी लुगडी नेसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरोघरच्या सुना मेलेल्या सासूची लुगडी भांडेवालीला देतात, प्रणाली ती तिच्या गाठोड्यातून उचलते. बायकांनी नाकं मुरडली, सोयरीक जमेना. "मले ह्याच्यातच मी मी वाटते," एवढंच ती म्हणे. पण ती चाल? प्रणालीनं पुष्पलतेला कधी पाहिलंही नव्हतं.

मारोतरावांच्या सुनेनं, धनश्रीनं, सासूचं लुगडं म्हाताऱ्याला न विचारता स्टीलच्या एका गंजाच्या बदल्यात भांडेवालीला देऊन टाकलं होतं. पहिल्यांदा प्रणाली ते नेसून गल्लीत आली, तेव्हा तिच्या तोंडावर पदर नव्हता. पण संधिप्रकाशात चाल दिसते, चेहरा नाही. मारोतराव ओट्यावरून उठले.

"उशीर केला वं," ते म्हणाले.

पोरगी जवळ आली, चेहरा दुसरीचा निघाला. म्हाताऱ्यानं हात पुढे केला. "लुगडं वापस दे."

प्रणालीनं पदराचं टोक उलटं केलं. काठाशी एक हिरवा धागा आडवा गेलेला.

"माह्या आईची खूण हाय, काका. दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं विणे ती. जलमभर विणलं, एकही नेसली नाही. आता ती गेली. म्हणून मी नेसून राहिली."

मारोतराव बराच वेळ त्या धाग्यावर अंगठा फिरवत राहिले.

"मंग ठेव तुझ्यापाशीच," ते शेवटी म्हणाले. "पण रोज इकडूनच जात जा. तोंडावर पदर घेऊन."

तेव्हापासून दिवेलागणीला गल्लीतली दारं लागतात. एक तेवढं उघडं असतं.

पुष्पलता येत नाही. प्रणाली येते, कामावरून, म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणून. पुष्पलतेनं वर्षानुवर्षं तिथंच मुठीत धरल्यानं लुगडं डावीकडे विरलं आहे. भोक दिसू नये म्हणून प्रणालीही तिथंच धरते.