रविवारची पाळी आणि लिव्हरच्या पेशी

एका जागी तीस वर्षं काढली की किस्से साठतातच. मी ते जेवताना बायकोला, मालतीला सांगायचो. ती गेल्यापासून सांगायला कुणी नाही. म्हणून आता तुम्ही ऐका!

मी परळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. प्लास्टिकच्या डिशमध्ये लिव्हरच्या पेशी वाढवायच्या, फॅट पाजून त्यांना सुस्त करायचं, मग हळद, मेथी, कोकम यांचा अर्क घालून फॅट उतरतं का बघायचं. दर दोन दिवसांनी त्यांना ताजं खाणं द्यायचं.

करी रोडला आमच्या मजल्यावर परबकाका राहतात. एकदा रिपोर्ट नाचवत आले.

"सावंतानू, माजा लिव्हर फॅटी निघाला! हळद किती खाव?"

म्हटलं, "काका, डिशमध्ये मावत असाल तर सांगतो!"

* * *

पूर्वा आमच्या लॅबप्रमुख मॅडमकडे पीएचडी करणारी मुलगी, दादरची. आम्ही एक लाल रंग वापरतो, तो फॅटला चिकटतो. जितकं लाल, तितकं फॅट. तिने कोकमाची पहिली डिश बघितली आणि रडकुंडीलाच आली.

"काका, संपलं सगळं! कोकमाने फॅट वाढलं!"

डिश लालभडक होती खरी. विचारलं, "रंग घालायच्या आधी कोकम धुतलंस का?"

तिने जीभ चावली. मग म्हणाली, "मॅडमना सांगू नका हां!"

दुसऱ्या डिशमध्ये व्यवस्थित धुतलं, तर फॅट चक्क कमी निघालं. त्या दिवशी दोघांनी वडापाव खाल्ला. घरी येऊन हे सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

* * *

प्रत्येक वेळी एका डिशला फॅट द्यायचं, पण औषध द्यायचं नाही. तुलनेला लागते. पूर्वाला तिची दया यायची.

"बिचारी! हिलाच काही नाही?"

"असं एक जण लागतंच गं. नाहीतर बाकीच्यांचं बरं झालं हे कळणार कसं?"

ती हसली. मला मात्र हसू आलं नाही.

* * *

रविवारची पाळी कुणालाच नको असते. मी कायमची मागून घेतली. मॅडम म्हणाल्या, "सावंत, रविवारी तरी घरी आराम करा."

"घरी कोण आहे, मॅडम? इथे लाखो उपाशी बसलेत!"

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. मूलबाळ नाही आम्हाला, हे त्यांना ठाऊक होतं.

* * *

गेल्या शुक्रवारी रिटायर झालो. शाल, नारळ, केक, सगळं झालं. मॅडमनी विचारलं, "काय हवं तुम्हाला?"

म्हटलं, "रविवार तेवढा राहू द्या."

खरं सांगतो, मला पेन्शनची काळजी नव्हती, रविवारची होती. मॅडम म्हणाल्या, "गेटपास तर जमा होणार. पण व्हिजिटर म्हणून या, कोण अडवतंय?"

रविवारी नवाला गेटवर हजर! वॉचमन नवीन होता. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली. पुढचा रकाना होता, 'कोणाला भेटायचे आहे'. पेन घेऊन जरा थांबलो. मग लिहिलं, 'पेशी'.

त्याने वाचलं आणि रजिस्टर परत माझ्याकडे फिरवलं.

"काका, यांचं आडनाव राहिलं."

मी माझं लिहिलं.