लांडग्याचं कातडं आणि मढवलेली गोळी

दुबईत शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी नऊ वर्षं काउंटरवर उभा होतो. ज्याने मला ती नोकरी लावली त्याचं तोंडही मला बघवत नाही. तो आमच्याच गावचा, एका अरब मालकाकडे मॅनेजर, राहायला अल बर्शात. गावची आठ-दहा पोरं त्याने इकडे आणली आणि त्या बदल्यात सगळ्यांकडून जन्माचं 'दादा' म्हणवून घेतलं. त्याच्या घरी गेलो की आम्ही खाली सतरंजीवर बसायचो, तो सोफ्यावर. त्याचं बोलणं कोणी खोडायचं नाही, हा अलिखित कायदा होता.

एकदा तो आपल्या त्या मालकाला घेऊन दुकानात आला. मालकाकडे परवाना होता आणि त्याला मध्य आशियात लांडग्यांच्या शिकारीला जायचं होतं. रायफल मी दाखवली तीच त्याने घेतली. घोडं अडलं काडतुसांवर.

लांडग्याला मऊ टोकाची गोळी लागते. ती आत जाऊन फुलते आणि जनावर जागच्या जागी पडतं, पण बाहेर पडताना कातड्याला मुठीएवढं भोक पाडते. तांब्याने पूर्ण मढवलेली गोळी आरपार निघून जाते. कातडं शाबूत राहतं, जनावर मात्र जखमी होऊन उधळतं, आणि मागे फिरलं तर हाकाऱ्यांच्या अंगावर जातं. गावी रान उठवायला मी स्वतः हाकाऱ्यांत चाललोय, मला हे कोणी शिकवायला नको.

दादाला ते कातडं मालकाच्या मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, भिंतीवर हवं होतं. "भोक पडलेलं काय लावणार? ही मढवलेली दे. यल्ला, टाइम नाहीये."

"दादा, लांडग्याला ही नाही चालत."

"तू शिकवणार मला?" तो मालकासमोर हसत, पण मराठीत म्हणाला. "व्हिसा कोणी काढला रे तुझा?"

मालकाला काहीतरी जाणवलं असावं. त्याने थेट मलाच विचारलं, "ये बोलता है तुम शिकारवाला गाँव का है. तुम बोलो, कौन सा अच्छा?"

त्याच्या खांद्यामागून दादा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "ये अच्छा है, सर," आणि मढवलेल्या गोळ्यांचे खोके माझ्या हाताने पिशवीत भरले.

तीन आठवड्यांनी मालक एकटाच आला. बसा म्हटलं तर बसला नाही. गोळी लांडग्याच्या पोटातून आरपार गेली होती आणि तो मागे फिरला होता. हाकाऱ्यांतला एक म्हातारा काठी घेऊन आडवा गेला. त्याचा उजवा हात इतका फाटला की डॉक्टरांना तो कोपरापासून काढावा लागला. मालकाने ते सगळं सावकाश, आवाज न चढवता सांगितलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"तुमको मालूम था?" त्याने विचारलं.

"मालूम था."

"फिर बोला क्यों नहीं?"

त्या मॅनेजरला मी मनातल्या मनात हजारदा शिव्या घातल्या होत्या, पण या प्रश्नाला माझ्याकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ते मला मोठ्याने म्हणावं लागलं.

"उसको बुरा लगता, सर."