मोहरीचा सेनापती

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि त्याचा मला माज आहे, लपवत नाही. ब्रिस्टलहून इतिहासाची पदवी घेऊन आले. मग साउथहॅम्प्टनच्या एका शाळेत इंटरव्ह्यूला नमुन्याचा तास घ्यायचा होता: अमेरिकेतलं यादवी युद्ध. रीडिंग गावातल्या आमच्या घरी आईबाबांवर सराव केला. ओट्यावर डबे मांडले. साखर म्हणजे उत्तरेकडची राज्यं, तांदूळ म्हणजे फुटून निघालेली दक्षिण. एकामागून एक सेनापती बदलून उत्तरेच्या राष्ट्राध्यक्षांना अखेर लढणारा माणूस सापडला. तो म्हणजे मोहरीची बाटली.

"तो इकडे दे," आई म्हणाली. "तेल तापलंय."

"अगं, युद्धाला इथेच कलाटणी मिळते!"

"मिळू दे. तोवर जिरं लढेल."

बाबा हाताची घडी घालून बसले होते. "ज्यांना वेगळं व्हायचं होतं, त्यांना होऊ द्यायचं ना?"

"मग तिथले लाखो गुलाम गुलामच राहिले असते, बाबा."

बाबांनी हाताची घडी सोडली. "हे आत्ता सांगतेस? मघापासून नुसते डबे सरकवतेयस!"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी गुलामांबद्दल बोलले, सेनापती नंतर आणले. नोकरी मिळाली. बाबा फोनवर सगळ्यांना सांगतात, "खरा इंटरव्ह्यू आम्ही घरीच घेतला होता."