कार्डावरची चूल

शेवंती भुवडच्या हाताला आच कळते. ठाण्यात वर्तकनगरपासून माजिवड्यापर्यंतच्या बिल्डिंगींत तिने बावीस वर्षं लोकांच्या पोळ्या लाटल्या. एका घरी पंधरा, दुसऱ्या घरी वीस, आणि त्यातली एक जरी करपली असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं तर माझं नाव बदला.

त्या घरांतून पाइपचा गॅस. तिथल्या मॅडम शेगडी पेटवतात आणि फोन आला की बोलत बोलत गॅलरीत जातात. मागे रिकामी ज्योत भकाभका जळत राहते. शेवंती पोळीवरची नजर न काढता हात लांब करते आणि बटण फिरवते. "राहू दे गं मावशी, पाइपचाय तो," मॅडम म्हणतात. मावशी 'बरं' म्हणते आणि दुसऱ्या दिवशी परत फिरवते.

स्वतःच्या घरी तर विचारूच नका. वर्तकनगरच्या जुन्या कॉलनीत एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि माणूस एक. नवरा, विठ्ठल, वागळे इस्टेटमधल्या कंपनीत होता. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा प्रीतम, सून संचिता आणि नात सान्वी डोंबिवलीला. सकाळी चहा एकदाच व्हायचा, उरलेला थर्मासमध्ये. डाळ तीन तास भिजल्याशिवाय कुकर चढायचा नाही आणि एक शिटी झाली की गॅस बंद, बाकीचं आतल्या वाफेवर होऊ दे. संध्याकाळी सकाळचाच भात ताकात कालवून. आंघोळ थंड पाण्याने, मग डिसेंबर असो नाहीतर जानेवारी. असं करून एक सिलिंडर ती पाच-पाच महिने ओढायची. "एकट्या बाईला लागतं किती?" असं वर म्हणायची. अहो, एकट्या बाईला दोन वेळचं गरम जेवण लागतं, दुसरं काय? पण आपल्याला परवडत नाही हे तोंडाने कबूल करणारी बाई ती नव्हे.

मग सरकारची ती योजना आली. वर्षाला तीन सिलिंडर मोफत. आधी पैसे भरून सिलिंडर घ्यायचा, नंतर पैसे बँकेत परत. गॅस बाईच्या नावावर पाहिजे, बस्स. शेवंतीचा तर विठ्ठलच्या माघारी तिच्याच नावावर झालेला. शेजारच्या गोदूबाईच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा तिने तो अख्ख्या मजल्यावर फिरून दाखवला, आणि वर शेवंतीला म्हणाली, "तू काय मुहूर्त बघत बसलीयस? जा की एजन्सीत!"

शेवंती गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून केशरी रेशनकार्ड काढलं, वरची धूळ पदराने पुसली आणि काउंटरवर ठेवलं. त्या कार्डावर कधी धान्य मिळालं नव्हतं, पण शेवंती ते फार जपायची. पहिल्या पानावर तिचा फोटो आणि पुढे 'कुटुंबप्रमुख' असं छापलेलं. आतल्या पानावर चार नावं, एकाखाली एक: शेवंती, प्रीतम, संचिता, सान्वी.

काउंटरवरच्या माणसाने पान उलटलं. "सून आहे कार्डावर. तिच्या नावावर गॅस आहे?"

"हो. डोंबिवलीला."

"मग तिला मिळत असणार. एका कार्डावर एकालाच मिळतो, काकी. एक कार्ड म्हणजे एक चूल."

"पण मी इथे एकटी राहते ना..."

"मग कार्ड वेगळं करा. चूल वेगळी आहे असं रेशनिंग ऑफिसला लिहून द्या, की झालं."

की झालं! त्या बिचाऱ्याला काय कल्पना, तो काय बोलून गेला. शेवंतीचं सासर संगमेश्वराच्या वरच्या अंगाला. तिथे पालखीची वर्गणी माणसामागे नसते, चुलीमागे असते. विठ्ठल आणि त्याचा भाऊ दामाजी, विहिरीवरनं भांडण होऊन दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तरी वर्गणी एकाच चुलीची जायची, दामाजीच्या हातून, आणि विठ्ठल ठाण्याहून आपला अर्धा भाग मनिऑर्डरने पाठवायचा. गावकीत कुणीतरी विचारलं, तुम्ही ठाण्याला वेगळे राहता, मग चूल वेगळी धरायची काय? विठ्ठल म्हणाला, "तिथे आम्ही स्टोव्ह वापरतो. चूल इथे आहे." माणसं वेगळी राहतात, पोटासाठी लांब जातात, भांडतातसुद्धा. पण 'चूल वेगळी' म्हणजे घर फुटलं. ते शेवंतीने ऐकलेलं होतं, मानलेलं होतं, आणि आता ते तिने सरकारला लिहून द्यायचं होतं.

"नाही मिळत मला," तिने घरी येऊन गोदूबाईला सांगितलं. "आमचं कार्ड एकत्र आहे ना."

"मग कर वेगळं. पोरगा सहा वर्षं डोंबिवलीला आहे, दिवाळीला तोंड दाखवतो. कसलं डोंबलाचं एकत्र?"

"तुझ्या जिभेला काही हाड? जागेच्या अडचणीमुळे गेलाय तो. एका खोलीत चौघं कशी राहणार होतो?"

गोदूबाई आपल्या खोलीकडे वळली. तिला पटलं होतं असं नाही.

आणि खरं सांगू का, शेवंतीला त्यात एक प्रकारचं सुखच वाटायला लागलं. आपल्या कार्डावरचा गॅस सुनेला मिळतोय. म्हणजे आपल्या चुलीतलाच विस्तव तिकडे गेलाय. सकाळी थंड पाणी अंगावर घेताना ती मनात म्हणायची, असू दे, तिकडे सान्वीचं दूध तापत असेल. एकट्या माणसाला असं काहीतरी लागतं. कुणी फोन केला नाही तरी आपला त्यांच्याशी काही व्यवहार चालू आहे, असं वाटायला लागतं. वर्षभर ती त्या एका विचारावर राहिली.

मग माजिवड्याच्या मॅडम पुण्याला गेल्या आणि एक घर सुटलं. गुडघ्यांमुळे नवं घर धरवेना. त्याच महिन्यात सिलिंडर संपला. शेवंतीने तो आडवा करून, हलवून दोन दिवस काढले, आणि मग पुढचे अकरा दिवस ती पाव, केळं आणि दही यांवर राहिली. कामावरच्या घरी चहा मिळायचा तेवढाच गरम. गोदूबाईला कळू नये म्हणून जेवायच्या वेळेला ही रिकाम्या कढईत उलथनं वाजवायची. हसू येतं ना? मलाही आलेलं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. नंतर नाही आलं.

बाराव्या दिवशी ताप भरला. गोदूबाई पेज घेऊन आली, ती गरम करावी म्हणून तिने शेगडीचा खटका दाबला, आणि शेगडी काही पेटेना. तिने सिलिंडरला पायाने ढकललं. तो रिकामा डबा असावा तसा सरकला. गोदूबाईने तोंडाचा पट्टा सोडायला हवा होता. पण ती खाली बसली आणि म्हणाली, "शेवंते, कुणासाठी करतेस गं हे?"

ताप उतरल्यावर शेवंतीने प्रीतमला फोन लावला. दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे त्याला त्रास नको.

"अरे प्रीतम, त्या गॅससाठी कार्ड वेगळं करावं लागतंय म्हणतात. चूल वेगळी असं लिहून द्यायचं. देऊ का?"

"दे ना आई. मला काय विचारतेस?"

"नाही म्हणजे... तुझं नाव जाईल माझ्या कार्डावरनं. सान्वीचं पण."

पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारत होतं. "हां, आलो आलो. आई, तू कर जे काय असेल ते. मी संध्याकाळी फोन करतो, ओके?"

तिला 'नको' ऐकायचं होतं. दुसरं काही नाही. 'नको आई, कशाला वेगळं, मी भरून देतो सिलिंडर,' एवढं म्हणाला असता तर तिने त्याचा सिलिंडरही घेतला नसता. पुन्हा पाव-दह्यावर आनंदाने राहिली असती. संध्याकाळी सात वाजले, आठ वाजले. फोन आला तो कर्ज पाहिजे का विचारणारा.

दोन दिवसांनी ती रेशनिंग ऑफिसला गेली. गोदूबाई येते म्हणाली तर तिला नको म्हणाली. हे काम करताना ओळखीचं कुणी बघायला नको होतं. रांगेत उभी राहून ती मनातल्या मनात वाक्य घोळवत होती, आणि खिडकीशी पोचल्यावर ते इतकं हळू निघालं की मॅडमला दोनदा विचारावं लागलं.

"चूल वेगळी करायचीय," शेवंती जोरात म्हणाली. मागची माणसं बघायला लागली. तिचे कान तापले.

मॅडम तिशीची असेल, चष्मा डोक्यावर ढकललेला. "द्या कार्ड. किती नावं आहेत?"

"चार."

मॅडमने नंबर घातला, पडद्याकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "आजी, एकच नाव आहे. शेवंती विठ्ठल भुवड. बस्स."

"नाही हो. हे बघा ना, चार आहेत." तिने पान उघडून खिडकीतून आत सारलं. "हा माझा मुलगा, ही सून, ही नात."

"हे पुस्तक जुनं झालं. आता कॉम्प्युटरवर असतं ते धरतात. तिघांची नावं कमी झालीत, तीन वर्षं होतील आता. डोंबिवलीला त्यांचं वेगळं कार्ड आहे." आणि शेवंतीच्या चेहऱ्याकडे बघून तिने घाईने सांगितलं, "तुमच्याच अर्जावर झालंय, आजी. कुणी फसवलेलं नाहीये. हे बघा."

तिने पडदा वळवला. अर्ज होता, खाली सही होती, आणि सही शेवंतीचीच होती. तिचा 'शे' नेहमी रकान्याच्या बाहेर पडतो, तसा तो तिथेही पडलेला. वर तारीख.

तो बुधवार होता. कॅलेंडर बघायची तिला गरज नव्हती. त्या बुधवारी प्रीतम एकटाच आलेला, कामाच्या दिवशी. "रजा टाकली आई. तुझ्या हातची घावणं खायची होती." तिने दोन्ही शेगड्या पेटवल्या, एकीवर घावणं, दुसरीवर वाटाण्याची उसळ. आच बारीक करायची त्या दिवशी आठवणसुद्धा झाली नाही. त्याने अकरा घावणं खाल्ली. हात धुऊन आला आणि बॅगेतून कागद काढला. "इथे सही कर गं. कार्डाचं काम आहे." तिने चष्मासुद्धा शोधला नाही. आणि पुढे महिनाभर साऱ्या मजल्याला सांगत होती, माझ्या पोराने रजा टाकून येऊन माझ्या हातची घावणं खाल्ली.

प्रीतम खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. कार्डाचं काम आहे म्हणाला. होतंच ते कार्डाचं काम. नवा पत्ता, पोरीची शाळा, तिकडे कार्ड लागणारच. एक वाक्य जास्त बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं, तेवढंच. आणि परवाच्या फोनवर तर त्याला ते आठवलंही नव्हतं.

शेवंतीला रडू आलं नाही. तिला लाज वाटली. वर्षभर आपण कुठल्या विस्तवाच्या गोष्टी करत होतो? सान्वीचं दूध तिच्या आईच्या कार्डावर तापत होतं आणि आपण इथे उगाच उपाशी होतो, कुणालाही नको असताना.

"बरंच झालं की आजी," मॅडम म्हणाली. चांगली मुलगी होती, तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली. "तुमचं अर्धं काम आधीच झालंय. एवढा एक फॉर्म एजन्सीला द्या, पुढच्या सिलिंडरपासून मिळेल. थांबा, मीच भरते." ती मोठ्याने वाचत लिहायला लागली. "नाव... पत्ता... कुटुंबातील व्यक्ती, एक... चूल वेगळी कधीपासून? ही अर्जावरचीच तारीख टाकते, चालेल ना?"

"नको."

मॅडमने मान वर केली.

"आजची टाका," शेवंती म्हणाली.

"पण इथे तर तीन वर्षांपूर्वी..."

"ती त्याची. त्याची तेव्हापासून असेल." तिने खिडकीच्या कट्ट्याला धरलं. "माझी आजपासून वेगळी आहे. आजची टाका."

मॅडमने आजची तारीख लिहिली. कागद बाहेर सरकवून सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. शेवंतीने पिशवीतून चष्मा काढला, मागची रांग कुरकुरत असताना तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि मग सही केली.